आईचा व्यवसाय : गृहिणी

फॉर्म भरायचा मला लहानपणापासून जाम कंटाळा. नाव, पत्ता, जन्मतारीख इथपर्यंत ठीक. मग यायचा तो रकाना. वडिलांचा व्यवसाय. त्याच्याखाली आईचा व्यवसाय. वडिलांच्या पुढे मी ऐटीत ‘मच्छीमार’ लिहायचे. मच्छीमार म्हटलं की कसं, समुद्र, होडी, वादळबिदळ... एकदम हिरो! आईच्या पुढे मात्र दहावीच्या फॉर्मपासून एकच शब्द : गृहिणी.

आई मालवणच्या बाजारात मासे विकायची. पहाटे पाचला घर सोडायची, किनाऱ्यावर लिलावात बोली लावायची, माल घमेल्यात भरून बाजारात यायची आणि दुपारी दीड-दोनला घरी. आम्ही गाबीत. आमच्याकडे पुरुषाने समुद्रातून आणायचं आणि बाईने त्याचे पैसे करायचे ही शेकडो वर्षांची वाटणी. बाबा रापणीचे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकं धरून ओढायचं भलंमोठं जाळं. पन्नास-साठ माणसं ओढणार, मग वाटे पडणार. कधी वाटा यायचा, कधी नुसते हात दुखायचे. घर चालायचं ते आईच्या घमेल्यावर. हे मला सातवीतच कळलं होतं, तरी ‘गृहिणी’!

कारण शाळेत एक सर होते. वर्गात गोंगाट झाला की ओरडायचे, ‘‘काय मासळी बाजार लावलाय?’’ त्यांच्या मनात काही नसणार, महाराष्ट्रातला प्रत्येक मास्तर हेच म्हणतो. पण ते तसं म्हणाले की चार पोरी वळून माझ्याकडे बघायच्या. बस्स. तेवढं पुरतं त्या वयात.

2007 साली मी पणजीत राहून पोर्तुगीज शिकत होते. तेव्हा पुण्या-मुंबईतली सगळी पोरं जर्मन नाहीतर जपानी करत होती आणि मला विचारायची, पोर्तुगीज शिकून काय, गोव्यात गाइड होणार? (आज पुण्यात बसून ब्राझीलच्या क्लायंटशी बोलायचे मला चांगले पैसे मिळतात, हे जाता जाता.) तर त्या वर्षी मला लिस्बनला तीन आठवड्यांच्या उन्हाळी भाषावर्गाची शिष्यवृत्ती मिळाली. शिकणं फुकट, राहणं फुकट. विमानाचं तिकीट मात्र आपलं आपण.

तिकीट चाळीस हजारांच्या घरात होतं. आमच्या घरात चाळीस हजार एकदम कुणी पाहिले नव्हते. आईने काही न बोलता भिशी उचलली, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा हातातल्या दोन पाटल्या गहाण ठेवून आली. मला सांगितलंही नाही. मी हातच बघितले तिचे. रिकामे.

व्हिसासाठी खर्च कोण करणार याचं प्रतिज्ञापत्र लागत होतं. बँक पासबुक आईचं, त्यामुळे सही आईची. मालवणच्या कचेरीबाहेर एका टायपिस्टकडून मी ते मराठीत करून घेतलं. आई चौथी शिकलेली. सही करायच्या आधी तिने कागद हातात घेतला आणि एकेक अक्षर लावून वाचायला सुरुवात केली. मी म्हटलं, अगं कर ना सही, उशीर होतोय. ती ढिम्म. बोट एका शब्दावर येऊन थांबलं.

‘‘गृहिणी म्हणजे काय गो?’’

‘‘म्हणजे... घर सांभाळणारी. घरात असते ती.’’

‘‘मगे सकाळी पाच वाजल्यापासून मी खंय असतंय?’’

मी काहीच बोलले नाही. टायपिस्ट खाली मान घालून कार्बन नीट करत बसला. आईने आणखी एक क्षण तो शब्द बघितला आणि सही केली. पूर्ण नाव, रेघेच्या वरून, अजिबात न डगमगता. घरी येताना रस्त्याने भाजी घेतली, कोबी महाग झालाय म्हणाली. विषय संपला. म्हणजे तिच्यापुरता संपला असावा असं मी स्वतःला सांगितलं.

पोर्तुगालचा वाणिज्य दूतावास पणजीतच आहे. तिथे रांगेत माझ्या पुढेमागे बरेच जण व्हिसासाठी नव्हे, पासपोर्टसाठी आलेले. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. मागच्या एका काकांनी विचारलं, तुझे आजोबा कुठले? मालवणचे म्हटल्यावर त्यांनी अशा नजरेने बघितलं की बिचारी! गोव्याहून एसटीने काही तासांवर, पण 1812 पासून आम्ही इंग्रजांच्या हद्दीत. इतिहासाने आमचा पासपोर्ट असा थोडक्यात हुकवला.

मला तिथे उभ्या उभ्या दुसरीच गंमत वाटत होती. सोळाव्या शतकात अरबी समुद्रात व्यापारी जहाज हाकायचं तर पोर्तुगिजांचा परवाना घ्यावा लागायचा. त्याला म्हणत ‘कार्ताझ’. तो नसेल तर जहाज जप्त. आपल्या समुद्रात आपण फिरायला परक्याचा कागद! 1664 साली महाराजांनी आमच्या दारातल्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला तो याच समुद्रावर आपला हक्क सांगायला. आणि साडेतीनशे वर्षांनी त्याच किल्ल्यासमोरची एक मुलगी प्लास्टिकच्या फाइलमध्ये कागद घालून पुन्हा कार्ताझ मागायला रांगेत उभी.

खिडकीतल्या बाईंनी प्रतिज्ञापत्र चाळलं आणि अगदी साधा प्रश्न विचारला. आई गृहिणी आहे, तर मग पासबुकात दर आठवड्याला ही रक्कम कुठून जमा होते?

‘‘बचत,’’ मी म्हटलं. घशाला कोरड पडली होती.

व्हिसा मिळाला.

निघायच्या आदल्या रात्री आईने बॅगेत सोलं, मालवणी मसाला, खोबऱ्याची कापं आणि वर्तमानपत्राच्या चार थरांत बांधलेले सुके बांगडे भरले. मी ओरडले. अगं कस्टम्सवाले पकडतील, बॅगेला वास लागेल, तिकडचे लोक काय म्हणतील! ‘‘थंय तुका काय गावात, काय नाय. न्हे,’’ एवढंच. कुडाळहून कोकणकन्या पकडली, सकाळी दादरला मावशीकडे. संध्याकाळचं विमान. मावशी बाजारात गेली तेवढ्यात मी बांगड्यांचं पुडकं काढलं आणि तिच्या स्वयंपाकघरात मागच्या फळीवर ठेवून दिलं. बॅग पुन्हा आवळली. वास आला नाही. आता मी इंटरनॅशनल!

विमानप्रवासाबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही सगळे केव्हाच जाऊन आलेले आहात. खिडकीची सीट, बेल्टची भीती, टॉयलेटचा तो राक्षसी आवाज, सगळं साग्रसंगीत झालं. फ्रँकफर्टला विमान बदलताना मी चार वेळा गेट विचारलं.

लिस्बन पहिल्यांदा दिसलं ते उतारावरून. सगळं शहरच चढ-उताराचं. सात टेकड्यांचं म्हणतात, पायांना सत्तर वाटतात. काळ्या-पांढऱ्या दगडी तुकड्यांच्या नक्षीचे फूटपाथ इतके गुळगुळीत की माझ्या नव्या सँडल पहिल्या दिवशी दोनदा घसरल्या. भिंतींना निळ्या चिनीमातीच्या फरशा, खिडक्यांत वाळत घातलेले कपडे, आणि उतार संपतो तिथे चकाकणारी तेजू नदी. ती इतकी रुंद की मी पहिल्यांदा समुद्रच समजले. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपाने, त्यानंतरच्या लाटांनी आणि आगीने हे शहर जवळजवळ पुसून टाकलं होतं. मधला सरळ रस्त्यांचा भाग त्यानंतर आखून बांधलेला. कडेचे जुने मोहल्ले मात्र अजून गल्लीबोळांचे.

माझी राहायची सोय अशाच एका मोहल्ल्यात होती. नाव माद्रागोआ. नावात गोवा ऐकू आला म्हणून मी खूश! चौथा मजला, लिफ्ट नाही. घरमालकीण सत्तरीची आजी. एकटी राहायची, खोली विद्यार्थ्यांना द्यायची. पहिल्या संध्याकाळी सूप वाढता वाढता तिने नेहमीचे प्रश्न विचारले. वडील काय करतात? मासेमारी. अरे वा! आणि आई?

‘‘दोना द् काझा,’’ मी म्हटलं. पोर्तुगीजमध्ये गृहिणी. शब्दशः घराची मालकीण. व्याकरण बिनचूक, उच्चार बिनचूक. खरं म्हणजे त्या खोलीत दोना द् काझा एकच होती आणि ती माझ्यासमोर पळी घेऊन उभी होती.

वर्गातही पहिल्या दिवशी तेच. एक पोलिश मुलगी, दोन जपानी, एक कोरियन फादर, सगळ्यांनी आपापलं कुटुंब सांगितलं. मी दोना द् काझा ठोकून दिलं. पण त्या वर्गात माझी बाकी ऐश होती. पोर्तुगीजचे नाकातले स्वर इतरांना जमता जमेनात. पाँव, माँव, लैलाँव. आम्हा कोकणातल्यांना नाकातून बोलायला कुठे शिकवावं लागतं! आणि शब्द तर घरचेच. पाव, बटाटा, काजू, अननस, कोबी, पगार, चावी, परात, बादली, मेस्त्री. सगळे तिथून बोटीत बसून आपल्याकडे आलेले. बाई फळ्यावर शब्द लिहायच्या आणि मी मनात म्हणायचे, हा आमच्या स्वयंपाकघरातला, हा आमच्या परड्यातला.

एक दिवस फळ्यावर आला ‘लैलाँव’. जाहीर बोली लावून विक्री. लिलाव! दुसऱ्या दिवशी ‘गामेला’. उथळ पसरट भांडं. घमेलं! मी वहीत लिहून घेतलं आणि पेन तसंच धरून बसले. पहाटेचा किनारा, बॅटरीच्या उजेडात मांडलेले ढीग, बायांचा घोळका, आणि त्यात नेसूचं खोचून उभी आई. तिच्या दिवसाचे दोन मुख्य शब्द, जे मी कुठल्याही फॉर्मवर लिहिले नव्हते, ते इथे माझी परदेशी बाई खडूने लिहीत होती.

शनिवार-रविवारी आम्ही टुरिस्ट व्हायचो. 28 नंबरची पिवळी ट्राम, ती भिंतींना घासून जाते. बेलेंमध्ये 1837 पासूनच्या दुकानातले कस्टर्डचे पेस्ट्री. जेरोनिमोसच्या मठात वास्को द गामाची दगडी शवपेटी. हा माणूस 1524 साली कोचीनला वारला, आधी तिथेच पुरला, मग 1539 मध्ये अवशेष पोर्तुगालला आणले. आयुष्यभर आमच्या किनाऱ्यावर येऊन जाऊन होता, मेल्यावरही एक फेरी झालीच. नदीकाठी जमिनीवर संगमरवरात जगाचा भला थोरला नकाशा कोरलाय, कुठे कधी पोर्तुगीज पोचले त्याच्या साली घालून. मी वाकून भारताचा पश्चिम किनारा बोटाने चाचपला. मालवण अर्थात नव्हतं. मी सँडलच्या टाचेने अंदाजाने तिथे उभी राहिले आणि जपानी मैत्रिणीने फोटो काढला. तो फोटो अजून आहे.

मग दुसऱ्या आठवड्यात ते झालं. वर्गातून चालत घरी येताना मी एक वेगळा रस्ता पकडला, रुआ दु आर्सेनाल. निम्मा रस्ता गेले आणि पायच थांबले. वास! सुक्या मासळीचा तो खारट, जुना, नाकात बसणारा वास. जून महिन्यात आमच्या घराच्या माळ्यावर येतो तोच. बघते तर दुकानांत, दरवाज्यांत, काउंटरवर माणसाच्या हाताएवढे सुके मासे रचून ठेवलेले. बाकाल्याव म्हणजे खारवलेला कॉड. हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतही नाही, नॉर्वेकडून, न्यूफाउंडलंडकडून शेकडो वर्षं येतोय, तरी नाताळच्या आदल्या रात्री घरोघरी शिजतो तोच. सूटबूटवाले लोक रांगेत उभे होते. दुकानदार करवतीने तुकडे करत होता. कुणी नाकाला रुमाल लावला नव्हता. एका बाईने तर तुकडा नाकाशी नेऊन हुंगला आणि पसंतीची मान हलवली.

मला दादरच्या फळीवरचं ते पुडकं आठवलं. चार थरांचा कागद. आणि वरून बांधलेला सुतळीचा फास, आईच्या हातचा, जो मी सोडवायचेही कष्ट घेतले नव्हते. मी तिथे बराच वेळ उभी होते. दुकानदाराने विचारलं, काय हवंय? मी म्हटलं, काही नाही, वास घेतेय. त्याला ते अजिबात विचित्र वाटलं नाही.

12 जूनच्या रात्री लिस्बन झोपत नाही. 13 जून हा सेंट अँथनीचा सण. पडुआचा म्हणून जग ओळखत असलं तरी जन्म लिस्बनचा, त्यामुळे माणूस आमचाच असं इथल्या लोकांचं म्हणणं. गल्लोगल्ली कागदी पताका, दारोदारी निखाऱ्यांच्या शेगड्या आणि त्यावर सार्डिन. आपली तारली! मालवणीत पेडवे. तिकडे आमच्याकडे जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, ताज्या मासळीचं नाव नाही, आणि इथे मात्र जून म्हणजेच सार्डिनचा महिना. कुंडीतली मांजेरिकू नावाची तुळशीसारखी छोटी झुडपंही विकायला असतात. कागदी फूल आणि एक चारोळी टोचलेली. प्रियकराने प्रेयसीला द्यायची. आजीने एक मला दिली, प्रियकर नसल्यामुळे असेल. मी नाक खुपसून वास घ्यायला गेले तर तिने हातावर चापट मारली. नाक लावायचं नाही, हाताने कुरवाळायचं आणि हात हुंगायचा. नाहीतर झाड सुकतं म्हणे.

संध्याकाळी आजीने किलोभर सार्डिन आणून ओट्यावर ठेवले आणि कोळसा बघायला खाली गेली. मी म्हटलं, चला, मदत करू. आमच्याकडे मासे आदाळ्यावर, म्हणजे विळीवर, खाली बसून कापतात. इथे सुरी होती, पण हातांना काय! डोकं उडवलं, पोट फाडलं, घाण काढली, धुतला, पुढचा. आजी चार जिने चढून वर येईपर्यंत निम्मी रास साफ. तिने दारातूनच किंकाळी फोडली. भाजायचे सार्डिन साफ करतच नाहीत! डोक्यासकट, पोटासकट, वर नुसतं जाडं मीठ. मी सणाचा सत्यानाश केला होता.

मी सॉरी सॉरी करत होते. आणि तिचं लक्ष मग माझ्या हातांकडे गेलं. ती जवळ आली, साफ केलेला एक मासा उचलून पोटाची चीर बघितली. एकच, सरळ, कुठेही मांस फाटलेलं नाही.

‘‘हे तुला कुणी शिकवलं?’’

‘‘आईने.’’

‘‘दोना द् काझा?’’

आता काय सांगणार! खाली गल्लीत ॲकॉर्डियन चालू झालं होतं. माझे दोन्ही हात खवल्यांनी भरलेले. मी म्हटलं, ‘‘माझी आई मासे विकते.’’ पोर्तुगीजमध्ये हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. खरं म्हणजे कुठल्याच भाषेत त्याआधी उच्चारलं नव्हतं.

तुम्हाला वाटेल आजीने मला मिठीबिठी मारली. छे! तिने स्टूल ओढलं, बसली आणि सटासट प्रश्न सुरू. माल कुठून घेते? लिलाव किती वाजता? उधारी ठेवते का? बर्फ स्वतःचा की विकतचा? संध्याकाळी उरलेल्याचं काय करते? हे प्रश्न ज्याला माहीत आहे त्यालाच सुचतात. मी काही उत्तरं दिली, काही मला माहीतच नव्हती. मग ती आतून एक फोटो घेऊन आली. तिची आई. काळा स्कर्ट, डोक्याला रुमाल, रुमालावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर पसरट टोपली. दोन्ही हातांनी कडा घट्ट धरलेल्या. पाय अनवाणी.

त्यांना वारिना म्हणायचे. मूळच्या उत्तरेकडच्या ओव्हार गावच्या, म्हणून ओव्हारिना, त्याचं वारिना. लिस्बनला येऊन या माद्रागोआत राहिल्या आणि शहरभर टोपली डोक्यावर घेऊन हिंडल्या. शहरात अनवाणी फिरायला बंदी आली तेव्हा पोलिस दंड करायचे. आजी सांगत होती, आई चपला टोपलीत ठेवायची आणि शिपाई दिसला की घालायची, तो गेला की पुन्हा काढायची. कशाला झिजवायच्या! आता वारिना नाहीत. फ्रीज आले, सुपरमार्केट आले. पण दुकानातल्या बशांवर, टाइल्सवर, की-चेनवर सगळीकडे कमरेवर हात ठेवून हसणारी वारिना. मीही आठवडाभर तिला बघत होते आणि लिस्बनची टिपिकल सुंदरी समजत होते.

‘‘आणि लोक कुणाला शिवी द्यायची तर काय म्हणतात माहितीय?’’ आजी म्हणाली. ‘‘पैशैरा.’’ कोळीण. मोठ्या आवाजात बोलणाऱ्या, भांडखोर बाईला.

मी तिला मासळी बाजारवाल्या सरांबद्दल सांगितलं. ती इतकी हसली की ठसका लागला.

मग ती उठून खिडकीशी गेली. तिची आई गल्लीत शिरताना कशी हाळी द्यायची ते करून दाखवलं. जिवंत सार्डिन, जिवंत! शेवटचा स्वर वर वर जाणारा, चौथ्या मजल्यापर्यंत पोचेल असा. खालून दोन-तीन म्हाताऱ्या बायांनी वर बघितलं, एकीने टाळ्या वाजवल्या. आजीचा चेहरा लाल झालेला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘आता तू. तुझी आई कशी ओरडते?’’

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला माहीत नाही.

एकवीस वर्षं त्या बाईच्या हातचं खाल्लं आणि ती बाजारात काय बोलते, कशी बोलते ते मला माहीत नाही. बाजारातून जायची वेळ आली तर मी पलीकडच्या गल्लीने जायचे.

सार्डिन आम्ही शेवटी खाल्ले, माझे साफ केलेले तव्यावर परतून आणि उरलेले निखाऱ्यावर, पावाच्या जाड तुकड्यावर ठेवून. पावात तेल मुरतं, शेवटी पाव खायचा. झकास! पण माझं चित्त ठिकाणावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मार्तीं मोनीजच्या चौकात मोझांबिकमार्गे आलेल्या एका गुजराती काकांचं स्वस्त फोनचं दुकान होतं. लिस्बनचे सकाळचे दहा म्हणजे मालवणचे दुपारचे अडीच. भावाच्या मोबाइलवर लावला. मागे धो धो पाऊस ऐकू येत होता.

‘‘कित्याक फोन केलंस? पैशे संपले?’’

‘‘नाही गं. आई, तू बाजारात काय ओरडतेस?’’

‘‘काय?’’

‘‘म्हणजे मासे विकताना. हाळी कशी देतेस?’’

थोडा वेळ नुसता पाऊस. तिला बहुतेक वाटलं, पोरीला ताप आलाय.

‘‘मी कित्याक आराडतलंय? गिराइकां माका वळाखतत. जो आराडता तेचा म्हावरां शिळां असता.’’

मी फोनवरच हसायला लागले. गुजराती काका बघायला लागले. मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. मावशीकडे ठेवलेलं पुडकं, खिडकीतल्या बाई, बचत, आजी, तिची आई. प्रतिज्ञापत्रावरचा तो शब्द. मला वाटलं ती काहीतरी बोलेल.

‘‘मावशीन कळवल्यान माका बांगड्यांचा,’’ ती म्हणाली. ‘‘खाल्ल्यानी तेंनी. जेवलंस?’’

शेवटच्या आठवड्यात तोंडी परीक्षा होती. विषय ‘माझं कुटुंब’. मी आईबद्दल बोलले, लिलाव, घमेलं, बर्फ, उधारी, सगळं. आजीच्या प्रश्नांची उत्तरं फोन करकरून मिळवली होती, त्यामुळे भरपूर मसाला होता. परीक्षक बाईंनी दोनदा वेळ वाढवून दिली. मार्क बरे पडले, फार नव्हे. क्रियापदांचे काळ चुकले. वर्तमानकाळात सांगायचं तिथे मी सारखी भूतकाळात जात होते.

2019 मध्ये कंपनीच्या कामासाठी पुन्हा लिस्बनला गेले. नदीकाठच्या जुन्या मंडईचा अर्धा भाग 2014 पासून चकाचक फूड हॉल झालाय, एका बांगड्याच्या डिशला मालवणात घरच्यांचं चार दिवसांचं जेवण होईल. आजीची नाताळची पत्रं 2013 नंतर यायची थांबली होती. त्या घराच्या दाराला आता नंबरवाली किल्लीची पेटी लावलीय, पर्यटकांसाठी. मी खाली उभी राहून चौथ्या मजल्याकडे बघितलं आणि रुआ दु आर्सेनालवर जाऊन अर्धा किलो बाकाल्याव घेतला. पुण्यात शेजाऱ्यांनी तक्रार केली.

पण 2007 चं एक सांगायचं राहिलं. परत येताना मी आईसाठी फ्रीजवर लावायचं एक चुंबक घेतलं होतं. वारिना. रंगीत स्कर्ट, डोक्यावर टोपली, टोपलीत निळे मासे, एक हात कमरेवर. किंमत तीन युरो. आमच्याकडे फ्रीज नव्हता, गोदरेजचं कपाट होतं. आईने चुंबक हातात घेऊन उजेडात धरलं.

‘‘ही खयची गो?’’

‘‘तिथली मासेवाली. आजीची आई असली होती, सांगितलं नव्हतं?’’

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘पाटी रिकामी आसा हिची.’’

‘‘अगं, मासे दिसतायत की वर!’’

‘‘एक हात कमरेर ठेवल्यान हा. भरलेल्या पाटयेक दोन हात लागतत.’’ तिने ते कपाटावर चिकटवून बघितलं. चिकटलं. ‘‘केवढ्याक?’’

मी युरोचे रुपये करून सांगितले. दीडशेच्या वर.

‘‘दीडशे! तेवढ्यात बांगड्यांचो वाटो इलो असतो.’’